हार्ड डिस्क कोणत्या कंपनीची घ्यावी? टिकाऊपणाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सीगेट, डब्ल्यूडी की तोशिबा? एका वाक्यात सांगा, सगळ्यात टिकाऊ कोणती?

एका वाक्यातलं उत्तर बहुतेकांना आवडत नाही: कंपनी बघू नका, मॉडेल बघा. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांमधला फरक दोन कंपन्यांच्या सरासरीतल्या फरकापेक्षा कितीतरी मोठा निघतो. आकडे पुढे दिले आहेत. तरी दुकानात चर्चा ब्रँडवरच अडते, कारण 'सीगेट' लक्षात राहतं आणि 'एसटी४०००डीएम०००' लक्षात राहत नाही.

तीनच कंपन्यांची नावं का? दुकानात तर डझनभर ब्रँड दिसतात.

दिसतात, पण फिरत्या तबकड्यांच्या हार्ड डिस्क बनवणाऱ्या कंपन्या आज जगात तीनच उरल्या आहेत: सीगेट, वेस्टर्न डिजिटल (म्हणजे आपली डब्ल्यूडी) आणि तोशिबा. ट्रान्सेंड किंवा एडेटाचा एक्स्टर्नल डबा उघडलात तर आत या तिघांपैकीच कोणाची तरी डिस्क असते. लासी तर सीगेटच्याच मालकीची आहे.

बाकीचे कुठे गेले हे जाणून घेण्यासारखं आहे, कारण जुन्या आठवणी अजून लोकांची खरेदी ठरवतात. आयबीएमने १९५६ मध्ये पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. त्याच आयबीएमचा डिस्कचा धंदा हिताचीने विकत घेतला, त्यातून एचजीएसटी उभी राहिली आणि २०१२ मध्ये ती डब्ल्यूडीकडे गेली. क्वांटम मॅक्सटरने घेतली, मॅक्सटर २००६ मध्ये सीगेटने घेतली. सॅमसंगचा हार्ड डिस्कचा विभाग २०११ मध्ये सीगेटकडे आला, तर फुजित्सूचा २००९ मध्ये तोशिबाकडे. डब्ल्यूडी आणि एचजीएसटी एकत्र येताना नियामकांनी अट घातली, म्हणून साडेतीन इंची डिस्क बनवण्याची काही यंत्रसामग्री तोशिबाला मिळाली. थोडक्यात, 'आमच्याकडे हिताचीची होती, दहा वर्षं चालली' असं म्हणणाऱ्याला आज तोच वारसा डब्ल्यूडीच्या अल्ट्रास्टार मालिकेत सापडेल. हिताची नावाची नवी डिस्क कोणी विकत असेल, तर ती फार जुनी तरी आहे किंवा वापरलेली तरी.

ब्रँडची तुलना करायला खरे आकडे कुठून मिळतात?

कंपन्या स्वतः देत नाहीत. गूगलने २००७ मध्ये एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला, पण त्यात कंपन्यांची नावं मुद्दाम वगळली. फ्रान्समधलं हार्डवेअर.एफआर हे संकेतस्थळ काही वर्षं एका मोठ्या विक्रेत्याकडे परत आलेल्या मालाची टक्केवारी ब्रँडनिहाय छापत असे. मात्र दुकानात परत येणारा माल म्हणजे पहिल्या काही महिन्यांचाच हिशेब. तिसऱ्या वर्षी उडालेली डिस्क घेऊन कोणी दुकानात जात नाही, ते थेट कंपनीकडे तरी जातात किंवा कपाळावर हात मारून घेतात.

उरतं बॅकब्लेझ. २००७ साली सुरू झालेली ही अमेरिकी कंपनी लोकांचा बॅकअप ठेवण्याचा धंदा करते. २०१३ पासून तिने आपल्या प्रत्येक डिस्कची रोजची नोंद साठवली आणि ती सगळ्यांना फुकट उतरवून घेता येते. २०२४ च्या शेवटी त्यांच्याकडे सुमारे ३ लाख डिस्क फिरत होत्या. मॉडेलच्या नावासकट इतक्या मोठ्या प्रमाणावर आणि इतक्या सातत्याने आकडे देणारं दुसरं ठिकाण मला माहीत नाही. त्यामुळे या पानावर त्यांचं नाव वारंवार येईल.

'वार्षिक बिघाड दर' म्हणजे नेमकं काय?

शंभर डिस्क वर्षभर अखंड चालवल्या तर त्यातल्या किती जातील, तो आकडा. काढायची रीत सरळ आहे. प्रत्येक डिस्क किती दिवस चालली ते दिवस एकत्र मोजायचे, ३६५ ने भागायचे, म्हणजे 'डिस्क-वर्षं' मिळतात. बिघडलेल्या डिस्कच्या संख्येला त्याने भागून शंभराने गुणायचं. १,००० डिस्क ९० दिवस चालल्या तर ९०,००० दिवस झाले, म्हणजे जवळपास २४७ डिस्क-वर्षं. तेवढ्यात ४ गेल्या तर दर सुमारे १.६ टक्के.

बॅकब्लेझच्या सगळ्या डिस्कचा मिळून हा दर २०१९ मध्ये १.८९ टक्के होता, २०२० मध्ये ०.९३, २०२१ मध्ये १.०१, २०२२ मध्ये १.३७, २०२३ मध्ये १.७० आणि २०२४ मध्ये १.५७. म्हणजे कोणतीही धड डिस्क घ्या, वर्षभरात ती जाण्याची शक्यता साधारण शंभरात एक-दोन. पाच वर्षं धरली तर दीड टक्क्याच्या हिशेबाने चौदा डिस्कमागे एक. ब्रँडच्या वादावादीत ही गोष्ट कोणी लक्षात घेत नाही. वाईट म्हटल्या जाणाऱ्या कंपनीच्याही बहुसंख्य डिस्क व्यवस्थित चालतात आणि चांगल्या म्हटल्या जाणाऱ्या कंपनीच्याही काही जातातच.

मग त्या आकड्यांत जिंकतं कोण?

सरळ वाचन केलं तर एचजीएसटी. तिच्या ४ टीबी मॉडेलांचा दर वर्षानुवर्षं अर्ध्या टक्क्याच्या आसपास राहिला. लोकांच्या मनातल्या 'हिताचीची डिस्क मजबूत' या समजुतीला आधार आहे तो हा. पण त्याच एचजीएसटीच्या १२ टीबीच्या एका मॉडेलचा दर वय वाढलं तसा चढत गेला. म्हणजे तिथेही नाव पुरेसं ठरलं नाही.

आता सीगेट बघा. ६ टीबीचं एसटी६०००डीएक्स००० हे मॉडेल: सरासरी वय साडेसहा वर्षांच्या पुढे, जवळपास ९०० डिस्क, आणि २०२१ च्या सबंध वर्षात गेली एक. दर ०.११ टक्के. त्याच सीगेटचं १४ टीबीचं एसटी१४०००एनएम०१३८ हे मॉडेल त्याच काळात ५ टक्क्यांच्या आसपास फिरत होतं. आणि १६ टीबीचं एसटी१६०००एनएम००१जी पुन्हा १ टक्क्याच्या खाली. कंपनी एक, कपाटं त्याच बॅकब्लेझची, आणि फरक चाळीस पटींचा. आता 'सीगेट कशी आहे?' या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं सांगा.

तोशिबाच्या १४ आणि १६ टीबीच्या डिस्क बॅकब्लेझने अलीकडे हजारोंनी घेतल्या आणि त्या सरासरीच्या आसपासच आहेत. आपल्याकडे तोशिबाला उगाच तिसऱ्या नंबरची धरतात. आकड्यांत तसं काही दिसत नाही.

सीगेटचं नाव मग बदनाम का झालं?

दोन प्रकरणांमुळे, आणि दोन्ही खरी आहेत.

पहिलं जानेवारी २००९ चं. बाराकुडा ७२००.११ मालिकेत फर्मवेअरचा, म्हणजे डिस्कला आतून चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा दोष होता. संगणक बंद करून चालू केला की डिस्क एकतर दिसतच नसे किंवा तिची क्षमता शून्य दाखवली जाई. डेटा आत शाबूत असायचा, फक्त डिस्क दार उघडायला तयार नसे. सीगेटने दुरुस्तीचं फर्मवेअर दिलं, तर त्या पहिल्या दुरुस्तीनेच काही ५०० जीबी डिस्क बंद पाडल्या. ती मागे घेऊन दुसरी द्यावी लागली.

दुसरं प्रकरण जास्त गाजलं. ऑक्टोबर २०११ मध्ये थायलंडला महापूर आला. जगातल्या हार्ड डिस्कचा मोठा हिस्सा तिथे तयार होत असे. डब्ल्यूडीचा बांग पा-इनचा कारखाना पाण्याखाली गेला, सुटे भाग बनवणारे बंद पडले आणि किमती दुप्पट झाल्या. भारतातही तेव्हा डिस्क महाग झाल्याचं जुन्या दुकानदारांना आठवत असेल. त्या टंचाईत बॅकब्लेझचे लोक अक्षरशः कॉस्टकोसारख्या दुकानांतून एक्स्टर्नल डिस्क आणून, डबे फोडून आतल्या डिस्क वापरत होते. २०१२ पासून त्यांनी सीगेटच्या ३ टीबीच्या एसटी३०००डीएम००१ या मॉडेलच्या ४,८२९ डिस्क बसवल्या. २०१२ मध्ये बसवलेल्यांपैकी मार्च २०१५ अखेर फक्त १० टक्के कामावर उरल्या होत्या. २०१४ या एका वर्षाचा बिघाड दर ४३ टक्के. २०१६ मध्ये अमेरिकेत या मॉडेलवरून ग्राहकांनी सामूहिक दावाही दाखल केला.

हे मॉडेल भयंकर होतं यात वाद नाही. पण ते मॉडेल होतं. त्याच काळातल्या सीगेटच्या ४ टीबी डिस्क तिथेच तीन टक्क्यांच्या आत चालत होत्या. दहा वर्षांपूर्वीच्या एका मॉडेलवरून सीगेटच्या आजच्या एक्झॉस (सर्व्हरसाठीची) किंवा आयर्नवुल्फ (नॅससाठीची) मालिकेला नाव ठेवण्यात अर्थ नाही.

म्हणजे डब्ल्यूडी धुतल्या तांदळासारखी?

नाही. एप्रिल २०२० मध्ये उघड झालं की डब्ल्यूडीने रेड मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्कमध्ये खरेदीदाराला न सांगता एसएमआर तंत्र वापरलं होतं. त्यात तबकडीवरचे माग एकमेकांवर थोडे चढवलेले असतात. जागा जास्त मिळते, पण मधलाच एखादा भाग पुन्हा लिहायचा झाला की शेजारचा पट्टाही नव्याने लिहावा लागतो. रेड ही मालिका नॅससाठी, म्हणजे अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या पेट्यांसाठी विकली जात होती. एक डिस्क गेल्यावर नवी बसवली की सगळा डेटा तिच्यावर सलग उतरवावा लागतो. तिथे या डिस्क इतक्या रेंगाळत की काही यंत्रणा त्यांना नादुरुस्त समजून बाहेर काढत. सीगेट आणि तोशिबाच्याही काही घरगुती मॉडेलांत हेच तंत्र न सांगता वापरलेलं निघालं, पण नॅससाठी म्हणून विकणं जास्त खुपलं. आता नॅससाठी डब्ल्यूडीची रेड प्लस किंवा रेड प्रो घ्यावी, नुसती रेड नाही.

त्याआधीच्या डब्ल्यूडीच्या 'ग्रीन' मालिकेचीही एक खोड होती: आठ सेकंद काम नसलं की हेड (तबकडीवर लिहिणारा-वाचणारा भाग) बाजूला नेऊन ठेवायचं. लिनक्सवर सतत थोडंथोडं लिहिणाऱ्या यंत्रात हेडच्या फेऱ्या काही महिन्यांत लाखांत जायच्या.

आणि आज ज्यांच्या वारशाची तारीफ होते त्या आयबीएमची २००० सालची डेस्कस्टार ७५जीएक्सपी इतकी उडायची की लोक तिला 'डेथस्टार' म्हणू लागले. तिच्यावरही खटला झाला. प्रत्येक घराण्यात एक तरी असं मॉडेल आहे.

माझ्या तीनपैकी दोन सीगेट गेल्या. आकड्यांवर विश्वास ठेवू की अनुभवावर?

तुमचा त्रास खरा आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष टिकत नाही. समजा एखाद्या कार्यालयात १२ डिस्क आहेत आणि वर्षात २ गेल्या. कागदावर दर झाला जवळपास १७ टक्के. पण एवढ्या छोट्या संख्येवरून संख्याशास्त्र इतकंच सांगतं की खरा दर २ टक्क्यांपासून ४८ टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकतो. उलटही खरं आहे. ३० डिस्कपैकी वर्षभरात एकही गेली नाही तरी खरा दर १० टक्क्यांपर्यंत असण्याला वाव राहतो.

शिवाय त्या दोन डिस्क एकाच खोक्यातून आल्या होत्या का, एकाच कुरियरने आपटल्या होत्या का, एकाच खराब पॉवर सप्लायवर होत्या का, हे विचारल्याशिवाय कंपनीला दोष देऊ नये. दुकानदाराचं मतही याच चाळणीतून बघा. जो सत्तर टक्के माल एकाच कंपनीचा विकतो, त्याच्याकडे तक्रारीही त्याच कंपनीच्या जास्त येणार.

बॅकब्लेझचे आकडे घरच्या संगणकाला लागू पडतात का?

अर्धेमुर्धे. तिथे एका कपाटात ४५ किंवा ६० डिस्क दाटीने बसवलेल्या असतात, त्या २४ तास फिरतात, हवा थंड आणि कोरडी असते. तुमच्या डिस्कला तेवढी शेजाऱ्यांची थरथर सोसावी लागत नाही, पण रोज चालू-बंद होणं, धूळ, धक्के आणि वीज जाणं हे तिच्या नशिबी असतं. त्यातून एखादं मॉडेल मुळातच सदोष आहे का हे चांगलं कळतं. १.२ टक्के आणि १.५ टक्के यांतल्या फरकावर मात्र खरेदी ठरवू नका. बारीक अक्षरांत त्या मॉडेलच्या किती डिस्क होत्या तेही वाचा. शंभर डिस्कवरून काढलेल्या दराला फारसं वजन नाही.

आणखी एक अडचण. तिथे आता बहुतेक डिस्क १२, १४, १६ टीबीच्या किंवा त्याहून मोठ्या आहेत. आपल्या दुकानातली १ किंवा २ टीबीची डिस्क त्या यादीत सापडणारच नाही.

माहितीपत्रकात १० लाख तास एमटीबीएफ लिहिलंय. म्हणजे ११४ वर्षं?

भागाकार बरोबर आहे, अर्थ चुकीचा. तो एका डिस्कचं आयुष्य सांगत नाही. मोठ्या संख्येने डिस्क चालवल्या तर बिघाड किती अंतराने होतील याचा तो कंपनीचा अंदाज आहे. वार्षिक दरात मांडला तर १० लाख तास म्हणजे ०.८८ टक्के. २००७ मध्येच कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या बियांका श्रोडर आणि गार्थ गिब्सन यांनी सुमारे एक लाख डिस्कच्या नोंदी तपासून दाखवलं की प्रत्यक्षात डिस्क बदलण्याचं प्रमाण साधारण २ ते ४ टक्के असतं आणि काही ठिकाणी १३ टक्क्यांपर्यंत जातं. त्यामुळे दोन ब्रँडचे एमटीबीएफ शेजारी ठेवून तुलना करू नका.

त्याच पत्रकात दोन ओळी जास्त कामाच्या असतात आणि त्या कोणी वाचत नाही. एक, वर्षाला किती तास चालवायची. सीगेटच्या साध्या बाराकुडाच्या पत्रकात २,४०० तास लिहिलेले सापडतील, म्हणजे रोज आठ तास आणि वर्षाला ३०० दिवस. दोन, वर्षाला किती डेटा लिहा-वाचायचा. साध्या डिस्कला ५५ टीबी, नॅसच्या डिस्कला १८० टीबी, सर्व्हरच्या डिस्कला ५५० टीबी. वर्षात तास असतात ८,७६०. साधी बाराकुडा किंवा डब्ल्यूडीची ब्ल्यू सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमध्ये टाकून 'दीड वर्षात उडाली, कंपनीच खराब' म्हणणाऱ्यांची संख्या कमी नाही.

म्हणजे पर्पल, स्कायहॉक वगैरे नुसतं रंगाचं मार्केटिंग नाही?

थोडं आहे, सगळं नाही. डब्ल्यूडीची पर्पल आणि सीगेटची स्कायहॉक या सीसीटीव्हीसाठीच्या मालिका, २४ तास लिहिण्यासाठी आहेत. नॅसच्या डिस्कचं फर्मवेअर खराब सेक्टरवर (सेक्टर म्हणजे डेटाचा छोटा कप्पा) सुमारे सात सेकंदच झटापट करतं आणि सोडून देतं, कारण शेजारच्या डिस्कवर तोच डेटा असतो. साधी डिस्क मिनिटभरही अडून बसू शकते. एकट्या संगणकात ते बरोबरच आहे. कामाला जी मालिका आहे ती घ्या. त्या मालिकेत तिन्हींपैकी कोणती, हा दुय्यम प्रश्न.

मुंबई-कोकणात डिस्क लवकर जातात का?

हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. लोक उष्णतेला घाबरतात, पण गूगलच्या २००७ च्या अभ्यासात उष्णतेचा परिणाम अपेक्षेपेक्षा बराच कमी निघाला; फार तापलेल्या आणि तीन वर्षांपेक्षा जुन्या डिस्कमध्येच तो ठळक दिसला. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या नऊ डेटा सेंटरमधल्या सुमारे दहा लाख डिस्कचा अभ्यास आला. त्याचा निष्कर्ष असा की बिघाडांवर तापमानापेक्षा हवेतल्या दमटपणाचा प्रभाव जास्त आहे, आणि दमटपणामुळे मुख्यतः जोडणीचे आणि कंट्रोलरचे भाग खराब होतात.

कोकणात किंवा गोव्यात काम करणाऱ्या दुरुस्तीवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. डिस्कच्या हिरव्या पट्टीमागचे (पट्टी म्हणजे तिचा सर्किट बोर्ड), हेडला जोडणारे ठिपके काळे पडलेले असतात आणि कधीकधी ते खोडरबरने घासल्यावर डिस्क पुन्हा दिसायला लागते. (डेटा मोलाचा असेल तर हा प्रयोग घरी करू नका.) जून ते सप्टेंबर जी डिस्क कपाटात पडून असते तिला हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. इथे ब्रँडचा काहीएक संबंध नाही.

वीज गेल्यावर डिस्क खराब होते का?

जाताना सहसा नाही. तबकडी फिरत असतानाच तिच्या गतीतून वीज घेऊन हेड सुरक्षित जागी नेण्याची सोय आजच्या डिस्कमध्ये असते. अर्धवट लिहिलेली फाइल बिघडेल, तो भाग वेगळा. घात होतो तो वीज परत येतानाच्या झटक्याने, आणि स्वस्त पॉवर सप्लाय तो झटका पुढे पाठवतो. अशी डिस्क अजिबात आवाज न करता मरते. तशाच दुसऱ्या डिस्कची पट्टी आणून लावायचा मोह टाळा, कारण पट्टीवरच्या एका चिपमध्ये त्या विशिष्ट डिस्कची मोजमापं साठवलेली असतात. यूपीएस आणि बऱ्या कंपनीचा एसएमपीएस यांवर घातलेले पैसे 'चांगला ब्रँड' शोधण्यापेक्षा जास्त वसूल होतात.

क्रिस्टलडिस्कइन्फो 'गुड' दाखवतंय. निश्चिंत राहू?

नको. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, तिला 'स्मार्ट' म्हणतात, आणि हा प्रोग्रॅम तीच दाखवतो. त्यातल्या पाच क्रमांकांच्या नोंदी बघा: ५, १८७, १८८, १९७ आणि १९८. बॅकब्लेझही याच पाचांवर नजर ठेवतं. विशेषतः ५ (बदली दिलेले सेक्टर) आणि १९७ (वाचता न येणारे, निकालाची वाट बघणारे सेक्टर) शून्यावरून हलले आणि आठवड्यागणिक वाढत राहिले तर डिस्क बदलायच्या तयारीला लागा. गूगलच्या अभ्यासात पहिली स्कॅन चूक दिसल्यानंतर ६० दिवसांत डिस्क जाण्याची शक्यता ३९ पट झालेली आढळली.

पण उलट बाजूही ऐका. त्याच अभ्यासात बिघडलेल्या डिस्कपैकी ३६ टक्के एकही इशारा न देता गेल्या. बॅकब्लेझच्या २०१६ च्या आकड्यांत बिघडलेल्यांपैकी २३ टक्के डिस्कमध्ये वरच्या पाचांपैकी एकही आकडा हललेला नव्हता. वाईट अहवाल आला तर विश्वास ठेवा, चांगला आला तर ठेवू नका.

जाता जाता: सीगेटच्या डिस्कमध्ये १ आणि ७ क्रमांकाचे कच्चे आकडे अवाढव्य दिसतात. ती त्या कंपनीची नोंदवण्याची पद्धत आहे, चुकांची संख्या नाही. निव्वळ या गैरसमजातून कितीतरी धडधाकट सीगेट डिस्क परत पाठवल्या गेल्या असतील.

किती वर्षांनी बदलावी?

बॅकब्लेझच्या २०१३ च्या हिशेबात पहिल्या दीड वर्षात दर ५.१ टक्के, मग १.४ टक्के आणि तीन वर्षांनंतर ११.८ टक्के असा निघाला होता. चार वर्षांनी ८० टक्के डिस्क जिवंत होत्या. त्यानंतरच्या डिस्क त्याहून बऱ्याच टिकतात. मी ठोकळ हिशेब असा ठेवतो: पहिले तीन महिने नव्या डिस्कवर एकुलती एक प्रत ठेवायची नाही, आणि पाच वर्षांनंतर तिला दुय्यम कामाला लावायची. २०२३ मध्ये सिनॉलॉजी कंपनीच्या नॅस पेट्यांवर डब्ल्यूडीच्या डिस्कना तीन वर्षं पूर्ण होताच आपोआप इशारा येऊ लागला होता. त्याला घाबरून चालती डिस्क फेकायचं कारण नव्हतं.

ऑनलाइन १२ टीबीची एक्झॉस निम्म्या किमतीत 'नवी' मिळतेय. घेऊ का?

सावध राहा. २०२५ च्या सुरुवातीला जर्मनीतल्या हाइझे या प्रकाशनाने उघडकीस आणलं की हजारो तास चाललेल्या सीगेट एक्झॉस डिस्क, स्मार्टचे आकडे शून्य करून, नव्या म्हणून विकल्या जात होत्या. त्यांतल्या बऱ्याच चिया या क्रिप्टो चलनासाठी राबवलेल्या असाव्यात असं दिसलं. सीगेटच्या डिस्कमध्ये 'फार्म' नावाची वेगळी नोंद असते. स्मार्टमॉनटूल्स या प्रोग्रॅमच्या ७.४ किंवा पुढच्या आवृत्तीतून ती वाचता येते. दोन्हीकडचे तास जुळले नाहीत तर माल परत करा. नूतनीकरण केलेली म्हणून उघडपणे विकलेली डिस्क घ्यायला हरकत नाही, फक्त किंमत आणि वॉरंटी त्या मानाने असावी.

लॅमिंग्टन रोडवरून घ्या की पुण्याच्या तपकीर गल्लीतून, अनुक्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून वॉरंटी भारतात लागू आहे का ते तिथेच उभं राहून बघा. बाहेरून आणलेल्या मालाची पाच वर्षांची वॉरंटी इथे शून्य असू शकते.

जास्त वॉरंटी म्हणजे जास्त टिकाऊ?

साध्या डिस्कला साधारण दोन वर्षं, नॅसच्या डिस्कला तीन, सर्व्हरच्या डिस्कला पाच. तो मालिकेचा दर्जा आहे, वचन नव्हे. बदली म्हणून बहुधा दुरुस्त केलेली डिस्क मिळते, आणि डेटाची जबाबदारी तिघांपैकी कोणीही घेत नाही.

एक्स्टर्नल डिस्क कोणती टिकते?

आतली डिस्क त्याच तिघांची, त्यामुळे ती किती वेळा हातातून पडते यावर सगळं अवलंबून. हेड तबकडीपासून काही नॅनोमीटर वर तरंगतं, माणसाचा केस त्याच्या हजारो पट जाड असतो. चालू डिस्क टेबलावरून पडली की ब्रँड विचारायचं कारण उरत नाही. खरेदीपूर्वी एक बघा: डब्ल्यूडीच्या बऱ्याच छोट्या एक्स्टर्नलमध्ये यूएसबीचा सॉकेट डिस्कच्या पट्टीवरच जोडलेला असतो. सॉकेट ढिला झाला की डिस्क काढून संगणकाला थेट लावता येत नाही, आणि डेटा काढून देणारा त्याचे जास्त पैसे घेतो.

नॅसमध्ये चारही डिस्क एकाच कंपनीच्या घ्याव्यात का?

एकाच कंपनीच्या चालतील, एकाच खोक्यातल्या नकोत. एका तुकडीत दोष असेल तर त्या डिस्क थोड्या दिवसांच्या अंतराने जातात, आणि पहिलीची जागा भरताना दुसरी गेली तर सगळंच जातं. दोन दुकानांतून, महिन्याच्या अंतराने घ्या. आणि अनेक डिस्क एकत्र बांधण्याची 'रेड' (RAID) पद्धत, जिचा डब्ल्यूडीच्या रेड मालिकेशी संबंध नाही, म्हणजे बॅकअप नव्हे; चुकून पुसलेली फाइल चारही डिस्कवरून एकदमच पुसली जाते.

ठीक आहे, पण उद्या दुकानात जायचंय. काय मागू?

लग्नाचे फोटो-व्हिडिओ साठवणारा स्टुडिओ असेल तर दोन नॅस दर्जाच्या डिस्क, एक सीगेटची आणि एक डब्ल्यूडीची किंवा तोशिबाची, दोन्हींवर तोच डेटा, आणि त्यातली एक दुसऱ्या घरी. सीसीटीव्हीला पर्पल, स्कायहॉक किंवा तोशिबाची एस३००, जी स्वस्त मिळेल ती. घरच्या संगणकात विंडोजसाठी एसएसडी, साठवणीसाठी कोणतीही सीएमआर (माग एकमेकांवर न चढवलेली, म्हणजे एसएमआर नसलेली) डिस्क. मॉडेल क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला की सीएमआर की एसएमआर ते कळतं. सर्वोत्तम ब्रँडची एक डिस्क घेण्यापेक्षा मध्यम ब्रँडच्या दोन घेणं केव्हाही शहाणपणाचं.

डिस्क टिकटिक करतेय. फ्रीजरमध्ये ठेवल्यावर चालते असं ऐकलं, खरं का?

जुन्या डिस्कच्या काळातला हा तोडगा आहे. आज त्याने तबकडीवर दव धरतं आणि जे वाचलं असतं तेही जातं. टिकटिक म्हणजे हेडला वाट सापडत नाहीये. ताबडतोब बंद करा, पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका, 'चेकडिस्क' चालवू नका आणि स्क्रू उघडू नका. डेटा खरोखर हवा असेल तर धूळमुक्त खोली असलेल्या ठिकाणी न्या आणि आधी लेखी अंदाज मागा. नको असेल तर वॉरंटी शिल्लक आहे का ते बघा आणि दावा लावून टाका.